गाढव, गाय आणि माणूस : सुनीती नामजोशी यांचं लेखन



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं की, बाई, कॅनडात राहून इंग्रजीत लिहिलेल्या कवयित्रीवर अंबाजोगाईत भाषण कशाला? मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावात आद्यकवींवर बोला, नाहीतर आजच्या मराठवाड्यातल्या कवींवर बोला. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की ज्या बाईंबद्दल मी बोलणार आहे त्यांच्या घरातली भाषा मराठी, त्यांनी भाषांतरासाठी निवडलेला कवी मराठी, त्यांच्या आत्मकथेच्या मुखपृष्ठावर ज्या बाईचं नाव आहे तीही मराठीच बोलणारी. आणि तरी मराठी समीक्षेत त्यांच्यावर काही शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं. इंग्रजी विभागातली मुलं स्त्रीवादाच्या पेपरात त्यांची एखादी गोष्ट वाचतात, परीक्षा देतात आणि विसरतात. शेजारच्या मराठी विभागात त्यांचं नावही निघत नाही. दोन विभागांमध्ये भिंत एक असते, पण ती फार जाड असते.

सुनीती नामजोशी. जन्म १९४१, मुंबई. आई सरोजिनी या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या घराण्यातल्या, म्हणजे सईबाईंच्या माहेरच्या. वडील मनोहर नामजोशी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानांची चाचणी घेणारे वैमानिक होते. १९५३ मध्ये विमान कोसळून ते गेले. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे ऋषी व्हॅलीची शाळा, मग पुणे विद्यापीठातून इंग्रजीचं बी. ए., एम. ए. आणि १९६४ मध्ये भारतीय प्रशासन सेवा. हो, आयएएस. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे. १९६९ च्या सुमारास त्या अमेरिकेला शिकायला गेल्या, नोकरी सोडली आणि तिथून कॅनडात गेल्या. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात एझरा पाउंडवर पीएच. डी. केली, आणि १९७२ पासून टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो कॅम्पसवर पंधराएक वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं. नंतर इंग्लंडमध्ये डेव्हनला गेल्या. त्यांचं महत्त्वाचं लेखन सुरू झालं ते मात्र कॅनडाच्या काळात, म्हणून त्यांची गणना तिथल्या कवींमध्येही होते.

आता पहिला मुद्दा. १९६८ साली कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपनं एक छोटं पुस्तक काढलं. पी. लाल यांची ही प्रकाशनसंस्था. त्यांची पुस्तकं हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली असत. (दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे कापडावरच ग्रंथ लिहिला, त्यामुळे आपल्या गावाला याचं फार कौतुक वाटायचं कारण नाही.) तर ते पुस्तक म्हणजे गोविंदाग्रजांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर. भाषांतर केलं सुनीती नामजोशी आणि त्यांच्या आई सरोजिनी नामजोशी या दोघींनी मिळून. मुलगी सत्तावीस वर्षांची, सरकारी अधिकारी, स्वतःच्या कविता इंग्रजीत लिहिणारी. आणि आईबरोबर बसून ती राम गणेश गडकऱ्यांना इंग्रजीत आणते आहे.

गडकरीच का? १९६८ मध्ये मर्ढेकरांच्या नंतरची पिढी लिहीत होती. लघुनियतकालिकांचा जोर होता. तेव्हा गोविंदाग्रज हे थोडे जुनाट, भावविवश, शब्दांची आतषबाजी करणारे कवी मानले जात. त्यांचं काही कालबाह्य झालंय असंच बहुतेकांना वाटे. पण गडकरी एका देहात तिघं होते. कवितेत गोविंदाग्रज, नाटकात गडकरी आणि विनोदात बाळकराम. बाळकरामानं ठकीच्या लग्नाची खटपट लिहिली. मुलीचं लग्न जमवण्याचा सगळा बाजार त्यानं असा काही हास्यास्पद करून ठेवला की वाचणारा हसता हसता ओशाळतो. नामजोशींनी भाषांतर कवितांचं केलं हे खरं. पण मला त्यांच्या पुढच्या लेखनात गोविंदाग्रजांपेक्षा बाळकरामच जास्त दिसतो. रोजचा अन्याय, घरात कोणाला खटकतही नाही असा, उचलायचा, तर्काच्या एका टोकापर्यंत सरळ चेहऱ्यानं न्यायचा आणि तिथं सोडून द्यायचा. ही युक्ती बाळकरामाची आहे. त्यांनी ती तिथूनच उचलली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण इंग्रजी समीक्षक त्यांना स्विफ्टच्या आणि इसापच्या रांगेत बसवतात, तेव्हा या दुसऱ्या रांगेतही त्यांची एक जागा आहे एवढं आपण म्हणू शकतो.

त्यांच्या सुरुवातीच्या इंग्रजी कवितांवर मी फार वेळ घालवणार नाही. नीटनेटक्या, हुशार, जराशा थंड कविता आहेत. १९८० च्या 'द जॅकअॅस अँड द लेडी'पासून आवाज बदलतो, आणि १९८१ मध्ये लंडनच्या शिबा या स्त्रीवादी प्रकाशनानं 'फेमिनिस्ट फेबल्स' काढलं तेव्हा सुनीती नामजोशी ही लेखिका खरी जन्माला आली. छोट्या छोट्या कथा. काही अर्ध्या पानाच्या, काही दहा ओळींच्या. पंचतंत्र, इसाप, ग्रीक पुराणं, अँडरसनच्या परीकथा, सगळीकडून घेतलेल्या आणि उलट्या करून ठेवलेल्या.

तुम्ही म्हणाल, मग या कविता कुठे आहेत, या तर गोष्टी झाल्या. मला वाटतं त्यांची खरी कविता या गोष्टींतच आहे. एक शब्द इकडचा तिकडे केला तर डोलारा कोसळतो, इतकं ते गद्य तोलून लिहिलेलं आहे. आणि आपल्याला हे नवीन वाटायला नको. चक्रधरांचे दृष्टांत आठवा. केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' केला त्यात हत्ती चाचपणारे आंधळे आहेत, चार ओळींत अख्खं तत्त्वज्ञान आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेनं जी गोदावरी वाहते तिच्या काठानं ही माणसं हिंडली, बोलली. छोटी गोष्ट सांगून मोठ्या माणसाला निरुत्तर करायचं, हे मराठी गद्यानं जन्मतःच केलंय. फरक एवढाच की दृष्टांताच्या शेवटी दार्ष्टांतिक येतं, म्हणजे गोष्टीचा अर्थ कोणता ते सांगितलं जातं. नामजोशी अर्थ सांगत नाहीत. त्या गोष्ट संपवतात आणि निघून जातात.

आता त्या पुस्तकाच्या सुरुवातीचीच गोष्ट घेऊ. तिचं नावच पंचतंत्रावरून ठेवलेलं आहे. मी माझ्या शब्दांत सांगते. काशीत एक गरीब ब्राह्मण असतो. त्याला मुलगा नसतो. गरीब असलो तरी ब्राह्मण आहे, मुलगा नसला तरी स्वतः पुरुष आहे, अशी तो मनाची समजूत घालतो आणि विष्णूला साकडं घालतो. विष्णू प्रसन्न होतो, पण देवाचं लक्ष नव्हतं की आणखी काही गूढ कारण होतं, त्याला मुलगी होते. बाप हिरमुसतो, तरी मुलीला शिकवतो. मुलगी भराभर शिकते. मग दोघं मिळून ध्यानाला बसतात. विष्णू परत येतो. काय हवंय? बापाच्या तोंडून चटकन निघून जातं, मुलगा! देव म्हणतो ठीक आहे, पुढच्या जन्मी. पुढच्या जन्मी ब्राह्मण बाई होतो आणि त्याला आठ मुलगे होतात. (इथं सभागृहात हसू आलं, तसंच ते यायला हवं.) मग देव मुलीला विचारतो, तुला काय हवं? ती म्हणते, मला माणसाचा दर्जा पाहिजे. देव विचारात पडतो. हे फारच अवघड आहे, असं म्हणतो, वेळ मारून नेतो आणि एक आयोग नेमतो.

संपली गोष्ट.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. ही बाई आयएएस होती. आयोग कसा नेमला जातो, का नेमला जातो आणि नेमल्यावर काय होतं, हे तिनं कचेरीत बसून पाहिलेलं असणार. पुराणातल्या देवानं शाप दिला असता, वर दिला असता, निदान अंतर्धान पावला असता. तो समिती नेमतो, कारण तो आता सरकार झालेला आहे. या एका शब्दानं पंचतंत्र काशीहून उठून थेट मंत्रालयात येतं.

बीड जिल्ह्यात ही गोष्ट वाचताना कोणाचंही मन पुढे धावणारच. आपल्याकडून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोणाला देतो? कोयत्याला देतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. करारात बाई स्वतंत्र मोजली जात नाही. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. म्हणजे हिशेबाच्या वहीत ती बाई म्हणूनही नाही आणि माणूस म्हणूनही नाही. ती अवजाराचा अर्धा भाग आहे. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हा काय झालं? समिती नेमली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली, तिनं कामही केलं. समितीला नावं ठेवावीत म्हणून मी हे सांगत नाही. टोरांटोत बसून लिहिलेली गोष्ट केज-धारूरच्या तांड्यावर इतकी चपखल का बसते, एवढंच दाखवायचं आहे.

आणि ती एकटी नव्हती, हेही बघा. १९८१ मध्ये 'फेमिनिस्ट फेबल्स'. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेनं रंगमंचावर आणलं आणि पुढे ते गावोगाव गेलं. दोन्हींचा विषय एकच आहे, मुलगा हवा. एक इंग्रजीत, थोड्या वाचकांसाठी, ओठाच्या कोपऱ्यात हसणारं. दुसरं गाण्या-ढोलकीसह, भर चौकात. दोघींना एकमेकींची खबर होती की नव्हती, माझ्या दृष्टीनं ते गौण आहे. पण मराठी स्त्रीवादाचा इतिहास सांगताना आपण म्हापसेकरांचं नाव घेतो आणि नामजोशींचं घेत नाही, हे चुकीचं आहे. त्याच्या मागे जायचं तर ताराबाई शिंदे. १८८२ ची 'स्त्रीपुरुष तुलना'. ताराबाईंनीही देवांना, शास्त्रकारांना जाब विचारलाय, आणि तोही असा रोखठोक की आजही कान लाल व्हावेत. ताराबाई भांडतात. नामजोशी भांडत नाहीत, अर्ज करतात. आणि अर्जाला जे उत्तर येतं ते वाचकासमोर ठेवतात.

१९८१ सालची आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. एका बाईवर प्रेम करणारी बाई मराठी नाटकाच्या मध्यभागी उभी राहिली. धाडसाचं काम होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या नाटकात मित्राचं काय होतं? तिची फरफट होते आणि ती आत्महत्या करते. सहानुभूती आहे, पण शेवट ठरलेला आहे. सुनीती नामजोशी स्वतः समलिंगी आहेत, त्यांनी ते कधी लपवलं नाही, ऑस्ट्रेलियन कवयित्री जिलियन हॅन्सकोम यांच्याबरोबर १९८६ मध्ये त्यांनी 'फ्लेश अँड पेपर' हा संग्रह काढला, त्यात दोघींच्या प्रेमाच्या कविता आहेत. आणि त्यांच्या लेखनात या कारणासाठी कोणी जीव देत नाही. तिथं लोक वैतागतात, चहा पितात, भांडतात, विनोद करतात. मला विचाराल तर त्या वर्षात जास्त धाडसाचं काय होतं? मरण दाखवणं की रोजचं जगणं दाखवणं? माझा कौल जगण्याच्या बाजूनं आहे.

आता जनावरांकडे येते. १९८५ ची कादंबरी, 'द कन्व्हर्सेशन्स ऑफ काउ'. यात सुनीती नावाची एक बाई कॅनडात राहते आणि तिला भद्रावती नावाची गाय भेटते. ब्राह्मणी गाय, शिवाय समलिंगी, शिवाय परदेशात स्थायिक झालेली. आपल्याकडे आज गाईवर विनोद करायचा म्हणजे आधी दार लावून घ्यावं लागतं, पण या पुस्तकात गाईची चेष्टा नाहीच. चेष्टा आहे ती सुनीतीची, कारण समोरचा कोण आहे हे एकदाचं ठरवून टाकण्याची तिला घाई आहे. भद्रावती रूप बदलते. मध्येच ती बॅडी नावाचा गोरा पुरुष होते. रूप बदललं की सुनीतीची तिच्याशी वागण्याची तऱ्हा बदलते, आणि आपली पंचाईत झाली हे तिला कळतं.

हे जनावरांचं वेड कुठून आलं, याबद्दल नामजोशींनी स्वतः लिहिलेलं आहे. त्यांचा मुद्दा साधारण असा. पाश्चात्त्य मानवतावादात 'मानव' मध्यभागी असतो, आणि तो मानव म्हणजे व्यवहारात गोरा पुरुष. बाकीचे सगळे, म्हणजे बायका, काळे-सावळे, समलिंगी, हे त्या वर्तुळाच्या बाहेर पशूंच्या बाजूला ढकलले जातात. ठीक आहे, मग आम्ही पशूच. पण त्या ज्या संस्कारातून आल्या तिथं पशू होणं इतकं अपमानास्पद नाही. जन्म बदलला की माणसाचा बैल होतो, बैलाचा माणूस. म्हणून त्यांचं निळं गाढव आणि एकडोळं माकड दयेची याचना करत नाही. 'द ब्लू डाँकी फेबल्स' १९८८ चं. लाल पुलाजवळ निळं गाढव राहतं, आणि गावच्या कारभाऱ्यांना ते रंगसंगतीत बसत नाही म्हणून राजकारण सुरू होतं. नगरपालिका पाहिलेल्या कोणालाही ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. १९८४ च्या संग्रहात त्यांनी शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधल्या कॅलिबनला बाई करून टाकलं, आणि बावीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच्या आईला, सिकोरॅक्सला, म्हातारपणी बेटावर परत आणलं. ही दुसरी मालिका मला त्यांच्या सगळ्या पद्यरचनेत सरस वाटते. म्हातारी बाई, रिकामं बेट, आणि आता भांडायला समोर कोणी उरलेलं नाही.

सगळंच उत्तम आहे असं मात्र नाही. काही फेबल्स फक्त हजरजबाबी आहेत, एकदा वाचल्यावर दुसऱ्यांदा काही देत नाहीत. १९९६ चं 'बिल्डिंग बेबल' मी दोनदा हातात घेतलं आणि दोन्ही वेळा कल्पना समजली, पुस्तक मात्र पुढे सरकेना. पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती त्यांनाच आधी जाणवली.

२००० मध्ये 'गोजा : अॅन ऑटोबायोग्राफिकल मिथ' आलं. गोजा कोण? फलटणच्या घरातली कामवाली. लहान सुनीतीला जिनं सांभाळलं ती. दुसरीकडे आजी, फलटणची राणीसाहेब, जिला पुस्तकात गोल्डी म्हटलंय. दोघींवर मुलीचं प्रेम आहे. दोघी एका छपराखाली राहतात, आणि दोघींच्या मध्ये जे अंतर आहे ते कोणत्याही परदेशाहून मोठं आहे. पश्चिमेत गेल्यावर नामजोशी स्वतः खालच्या पायरीवर गेल्या, सावळी बाई म्हणून, परकी म्हणून. तेव्हा त्यांना कळलं की गोजाच्या दृष्टीनं आपण राणीच्या पायरीवर होतो. हे पुस्तक म्हणजे मेलेल्या गोजाशी घातलेला वाद आहे. लेखिका गोजाला बोलतं करते, आणि गोजा सहजासहजी माफ करत नाही.

प्रामाणिक पुस्तक आहे. पण मी इथं बसून विचारणारच, गोजाचं बोलणं लिहिलं कोणी? गोजाला इंग्रजी येत नव्हतं. ज्या भाषेत ती लेखिकेला जाब विचारते ती भाषा तिच्या कानावरून फार तर साहेबांच्या तोंडून गेली असेल. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रकल्पात. दळणाऱ्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या. तिथं बाई स्वतः बोलते, स्वतःच्या बोलीत, आणि दुसऱ्या कोणी तिचं म्हणणं मांडायची गरजच राहत नाही. त्या ओव्या ऐकल्यावर 'गोजा' परत वाचा. गोजा फार समंजस वाटायला लागते, लेखिकेला सोयीची जाईल इतकी मुद्देसूद. नामजोशींनी स्वतःला कठड्यात उभं केलं, पण वकीलही त्याच आणि साक्षीदाराचे शब्दही त्यांचेच. यातून सुटका नाही हे त्यांना कळलंय, म्हणूनच बहुधा त्यांनी पुस्तकाला 'मिथ' म्हटलं, आत्मचरित्र म्हणून सोडून दिलं नाही.

तर हे मराठीत आणायचं झालं तर काय होईल? मी काही गोष्टी वर्गात मुलांकडून करून पाहिल्या. गंमत अशी की इंग्रजीत जे सोपं आहे ते मराठीत अडतं आणि उलटही होतं. निळं गाढव घ्या. आपल्याकडे 'ते गाढव' नपुंसकलिंगी. 'ते माकड'ही तसंच. मूळ इंग्रजीत लेखिकेचं निळं गाढव पुढे 'ती' होऊन येतं. आपण 'गाढवीण' म्हटलं की ती शिवीच्या जवळ जाते, 'ते' म्हटलं की लिंगाचा प्रश्नच नाहीसा होतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं 'ते'च ठेवलं आणि सांगितलं, मॅडम, आमच्याकडे लेकरूपण 'ते'च असतंय की. पटलं मला. लेकरू 'ते' असतं तोवर त्याला मुलगा-मुलगी करायची घाई नसते. घाई डॉक्टरकडे गेल्यावर सुरू होते, आणि त्या घाईनं बीड जिल्ह्याचं नाव कुठं पोचवलं ते २०११ च्या जनगणनेपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

भद्रावतीची अडचण याच्या उलट. इंग्रजीत ती पुरुष झाली तर एक सर्वनाम बदलतं. मराठीत 'ती आली, बसली, म्हणाली' याचं 'तो आला, बसला, म्हणाला' असं सगळं वाक्यच कूस बदलतं. म्हणजे जे इंग्रजीत अलगद होतं ते आपल्याकडे दणक्यात होतं. माझ्या मते यानं पुस्तकाचा फायदा होईल.

आणि सगळ्यात अवघड ती ब्राह्मणाच्या मुलीची मागणी. मघाशी मी 'माणसाचा दर्जा' म्हणून गेले, तुम्हाला खटकलं नाही. पण आपल्या बोलण्यात माणूस म्हणजे कोण? 'माझा माणूस बाहेरगावी गेलाय' असं बाई म्हणते तेव्हा माणूस म्हणजे नवरा. 'आपण बाईमाणूस, आपण काय बोलणार' असं म्हणते तेव्हा माणूस हा शब्द बाईला शेपटासारखा जोडलेला असतो, आणि त्यानं तिचा दर्जा वाढत नाही, कमीच होतो. इंग्रजीत ती मुलगी जे मागते त्यात निदान शब्द तरी तिला सामावून घेतो. मराठीत तिनं माणूसपण मागितलं तर देवाला आधी विचारावं लागेल, कुठलं? नवऱ्याचं की बाईमाणसाचं? एका मुलानं 'मनुष्यत्व' सुचवलं, ते कीर्तनासारखं वाटलं. एकीनं 'मला माणसात धरा' असं केलं. 'माणसात धरणं' हा आपल्याकडचा प्रयोग. कोणाला माणसात धरतात, कोणाला धरत नाहीत, हे गावात रोज चालतं. तिच्या भाषांतरात देव थबकतो आणि आयोग नेमतो, आणि मूळ गोष्टीत नसलेला सगळा गाव त्या वाक्यात येऊन बसतो. अजून यापेक्षा चांगलं मला सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा.

ज्यांना वाचायचं असेल त्यांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या झुबाननं काढलेलं 'द फॅब्युलस फेमिनिस्ट' हे निवडक लेखनाचं पुस्तक आधी घ्यावं, 'गोजा' त्यानंतर. आता प्रश्न घेऊ या. मागे माइक पाठवा कोणीतरी.